लिहायला बसतो आणि पंधरा मिनिटांत उठतो, दर वेळी तेच: नेमकं अडतं कुठं ते शोधायचं कसं

हा प्रॉब्लेम ज्याला आहे त्याला लक्षणं सांगायची गरज नाही, तरी लिहितो. गोष्ट लिहायला घेतली, नाहीतर चित्र, गोधडी, क्रोशा, जुनी गाणी गोळा करणं, काहीही धरा, पहिला आठवडा एकदम जोरात, रात्री झोप येत नाही इतकं डोक्यात तेच चालू, मग एक दिवस बसायचं राहतं, मग चार दिवस राहतं, मग त्या वहीवर इस्त्रीचे कपडे येऊन पडतात आणि महिन्याभरात दुसरंच काहीतरी नवीन सुरू झालेलं असतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस स्वतःलाच नावं ठेवायला लागतो, आपल्यात चिकाटीच नाही, आपलं मनच लागत नाही वगैरे.

आम्ही जळगाव-धुळे-चाळीसगाव भागातले काही हौशी लोक अधूनमधून एकत्र बसतो, कोणी लिहितं, कोणी रंगवतं, कोणी शिवतं, आणि "काय भो, व्हयनी का गोष्ट?", म्हणजे झाली का गोष्ट, असं कोणाला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, मोबाईलमुळं होत नाही. मला हे पटत नाही. नीट बघितलं तर माणूस आधी अडतो आणि मग हात मोबाईलकडं जातो. अडतो कशाला, तर पुढच्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं हे त्याला माहिती नसतं. ज्याला माहिती असतं तो शेजारी लग्नाचा डीजे चालू असला तरी लिहून राहिलेला मी बघितलाय. त्यामुळं फोकस वाढवायचे उपाय शोधण्याआधी आपण कुठं अडतो ते बघायचं, कारण प्रत्येक अडण्याचा उपाय वेगळा आहे आणि भलताच उपाय केला की फरक काही पडत नाही, वर अजून अपराधी वाटतं ते वेगळंच.

आधी ही टेस्ट करा

वहीच्या शेवटच्या पानावर, किंवा कॅनव्हासच्या मागं चिकटवलेल्या कागदावर, उठायच्या आधी एक ओळ लिहायची: आत्ता मी काय करत होतो, काय करणार होतो. बास. का उठलो ते लिहायचं नाही, ते लिहायला लागलो की आपण कारणं रचतो. चहाला उठलात तरी लिहायची, दळण आणायला उठलात तरी लिहायची. आठवडाभर हे केलं की सगळ्या ओळी एकाखाली एक वाचायच्या. बहुतेकांच्या ओळी दोन-तीन प्रकारांतच फिरत असतात, आणि ज्या प्रकारच्या ओळी जास्त तो तुमचा बिघाड. काही जणांना ओळ लिहिताच येत नाही, पेन हातात घेऊन नुसते बघत बसतात, तेही उत्तरच आहे, आणि सगळ्यात कॉमन उत्तर तेच आहे.

पुढं काय ते ठरलेलंच नाही

आमच्यातला एक भाऊ अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, गोष्ट लिहून राहिला होता. चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये एक म्हातारा बसलाय, मांडीवर पिशवी, पिशवीत कळण्याचं पीठ, आणि चाललाय बहिणीकडं जिच्याशी जमिनीवरून बोलणं बंद आहे. पहिली पानं फार भारी उतरली होती, पण गाडी बोरविहीर स्टेशनला आली आणि तिथंच महिनोन्‌महिने उभी. भाऊचं म्हणणं, घरी शांतता नाही, ऑफिसचं टेन्शन, मोबाईल. त्याला विचारलं, धुळ्याला उतरल्यावर म्हाताऱ्याला घ्यायला स्टेशनवर कोण येतं? गप्प. बहीण येते, का भाचा, का कोणीच नाही? तर म्हणे ते अजून ठरलं नाही. आता जे ठरलंच नाही ते लिहायला हा रोज रात्री टेबलाशी बसायचा आणि दहा मिनिटांत क्रिकेटचा स्कोअर उघडायचा. उघडेलच ना.

इथं उपाय असा की ठरवायचं काम आणि लिहायचं काम वेगळं करायचं. ठरवायचं काम टेबलाशी फार कमी वेळा होतं, ते चालताना, भांडी घासताना, गाडीवरून ऑफिसला जाताना होतं, पण त्यासाठी प्रश्न छोटा आणि नेमका करून सोबत न्यावा लागतो. 'पुढं काय होईल' हा प्रश्न काही कामाचा नाही. 'स्टेशनवर कोण येतं' हा चालतो. चित्रात 'बॅकग्राऊंड कसं करू' नाही, 'मागची भिंत उन्हात का सावलीत'. या भावानं स्टेशनचा प्रश्न घेतला, तीन उत्तरं कागदावर लिहिली, तिन्ही टुकार होती असं तोच सांगतो, त्यातलं एक धरलं, भाचा येतो पण तो मामाला ओळखतच नाही, आणि पुढं निघाला. गोष्ट अजून पूर्ण नाही पण गाडी धुळ्याला पोचली. टुकार उत्तर धरून पुढं जाणं जमतं, उत्तर नसताना पुढं जाणं कोणालाच जमत नाही, आणि पुढं गेल्यावर मागचं बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

याच बिघाडावर दुसरा इलाज म्हणजे पूर्ण संपवून उठायचं नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वेनं १९३५ मध्येच लिहून ठेवलंय की पुढं काय होणार ते माहिती असतानाच थांबा. आपण बरोब्बर उलटं करतो, प्रकरण संपलं की छान वाटतं, वही बंद, आणि दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान. वाक्य अर्ध्यात सोडा. गोधडी असेल तर पुढचा तुकडा टाचून, सुईत दोरा ओवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू होतो, विचार नंतर येतो मागून.

कालचं कुठं थांबलं ते शोधण्यातच वेळ

आमच्या एक ताई आहेत, रिटायर शिक्षिका, आखाजीची गाणी गोळा करतात. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आपल्याकडं लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण ज्यांना ती गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत येतात अशा बायका ताईंना सापडतात त्या सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. ताईंनी मोबाईलवर भरपूर रेकॉर्डिंग केलंय. उतरवून काढायचं काम मात्र कित्येक वर्षं अडलेलं. त्यांच्या ओळी वाचल्या तर जवळजवळ प्रत्येक ओळ तीच: कालचं कुठपर्यंत झालं ते बघत होते. फाईलींना नावं काय, तर मोबाईलनं आपोआप दिलेली तारीख आणि वेळ. म्हणजे रोज बसायचं, तीन-चार फाईली लावून ऐकायच्या, ही नाही, ही पण नाही, सापडेपर्यंत अर्धा तास गेला, तोवर सून येऊन विचारते, आई, भाजी काय करू, की झालं. यात चिकाटीचा काय संबंध?

मग एक रजिस्टर केलं, चार रकाने: गाव, कोणी म्हटलं, गाण्याची पहिली ओळ, कितव्या मिनिटापर्यंत उतरवलं. फाईलचं नाव बदलून गाव आणि गाण्याचे पहिले दोन शब्द. हे करण्यातच बऱ्याच बैठका गेल्या, त्या दिवसांत एक गाणं उतरलं नाही याचं ताईंना फार वाईट वाटायचं, पण आता बसल्या की लगेच हेडफोन कानात आणि पेन कागदावर. युनिटही बदललं. एक गाणं नाही, एक कडवं. कडवं झालं की मिनिट लिहायचं, मग उठायचं तर खुशाल उठा. व्हॉइस टायपिंग करून बघितलं होतं, प्रमाण मराठी बऱ्यापैकी टाईप होतं, अहिराणी म्हटलं की भलतंच काहीतरी उमटतं आणि ते दुरुस्त करण्यात दुप्पट वेळ जातो, म्हणून अहिराणी हातानंच.

लिहिणाऱ्यांना हाच बिघाड असेल तर तो असा दिसतो, अर्धी गोष्ट गुगल डॉक्समध्ये, एक तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला, एक पान वहीत, आणि एक कुठल्यातरी लग्नपत्रिकेच्या मागं. एक जागा ठरवा. कुठली ते तुमचं तुम्ही बघा, पण एकच. आणि कुठलं अ‍ॅप भारी यावर व्हिडिओ बघत बसणं हे लिखाणात धरायचं नाही.

सामानखरेदीही तशीच. जळगावच्या फुले मार्केटला जाऊन ब्रशचा सेट, रंग, तीन साईजचे कॅनव्हास आणले की काम झाल्याचा फील येतो आणि तो फील संध्याकाळपर्यंत पुरतो. एक चित्र पूर्ण होईपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही, संपलेला पांढरा रंग सोडून.

मधेच दुसरंच सुचतं

हे होणारच, आणि ते बरोबर कामाच्या मध्यावर होतं, कारण सुरुवातीची मजा संपलेली असते आणि शेवट दिसत नसतो. नवीन कल्पना त्या वेळी जास्त चांगली वाटते कारण तिच्यातली कंटाळवाणी कामं अजून आपल्याला दिसलेलीच नसतात. दाबायला जाऊ नका, दाबली की ती दिवसभर डोकं खाते. तिला एक पान द्या, एकच, वर तारीख टाका, सुचलंय ते सगळं त्या पानात बसवा आणि पान मिटा. हातातल्या कामाचा एखादा टप्पा संपला, म्हणजे प्रकरण, गोधडीची एक बाजू, चित्राचा पहिला हात, की मगच ते पान उघडायचं. बरीचशी पानं तेव्हा शिळी वाटतात. जी वाटत नाहीत ती खरंच करण्यासारखी असतात.

याच्या जोडीचा एक बिघाड आपल्याकडं फार आहे, टपरीवर गोष्ट सांगून टाकणं. चहा आला, मित्र जमले, कोणी म्हटलं काय लिहून राहिलास रे भो, की हा पहिल्यापासून शेवटापर्यंत सगळं सांगतो, हावभावासकट, लोक म्हणतात वा, आणि घरी आल्यावर लिहायची खाजच मेलेली असते. शेवट कोणाला सांगू नका. लिहिलेली पानं दाखवा, न लिहिलेल्याबद्दल बोलू नका.

पहिलाच पॅरा घासत बसणं

ओळींमध्ये 'सुरुवात नीट करत होतो' असं वारंवार आलं तर हा. उपाय एकच आहे आणि तो लोकांना आवडत नाही: बसल्यावर पहिल्यापासून वाचायचं नाही. कालच्या शेवटच्या चार ओळी वाचायच्या आणि तिथून पुढं. ज्यांना राहवत नाही त्यांनी मागची पानं स्टेपलर मारून बंद करावी, खरंच सांगतोय. सुरुवात शेवट लिहून झाल्यावर बदलावीच लागते, मग आता घासून कशाला?

वेळ, ऊन आणि घरचे

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. दुपारी तीन वाजता कूलरसमोर बसून कादंबरी लिहायचा संकल्प करणाऱ्याला मी हात जोडतो. त्या दोन महिन्यांत पहाटेचा तास नाहीतर रात्री गच्चीवर, बाकी वेळेला फक्त हाताची कामं, टायपिंग, फाईलींना नावं देणं, धागे निवडणं. तसंच श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे कानबाई देवीचा सण, असतात तेव्हा सगळे भाऊबंद घरात, कापूस वेचणीला शेतकऱ्याच्या घरात कोणालाच फुरसत नसते, लग्नसराई वेगळीच. या आठवड्यांत काम बंद राहणार हे आधीच धरून चाला, म्हणजे बंद राहिल्यावर सगळं सोडून द्यावंसं वाटणार नाही. दिवाळी अंकाला काही पाठवायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बरेच अंक पावसाळ्यातच साहित्य मागवतात, नवरात्रात जाग येऊन उपयोग नाही.

घरच्यांचं असं असतं की पुस्तक घेऊन बसलात तर अभ्यास, लॅपटॉप घेऊन बसलात तर ऑफिस, आणि वही घेऊन बसलात तर रिकामा. "बसलाच आहेस तर जरा गॅसची टाकी बदल." यावर भांडून काही होत नाही. एक वेळ सांगून ठेवा, साडेसात ते सव्वाआठ, आणि सव्वाआठला स्वतःहून उठून टाकी बदला, चार वेळा असं झालं की घरचे साडेसातला हाक मारायचं कमी करतात. ज्या बायकांना ही सोय घरात मिळतच नाही त्यांच्यासाठी वाचनालय बरं पडतं. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे, तिथं बसलेल्या बाईला कोणी पोळ्या किती करू विचारायला येत नाही.

या विषयावर बोलणं निघालं की कोणीतरी बहिणाबाईंचं उदाहरण देतं, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात राबून, जात्यावर दळता दळता ओव्या रचल्या, आणि तुम्हाला वेळ नाही म्हणता. हे टोमणा म्हणून वापरणं मला आवडत नाही. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. हात ठराविक लयीत चालू असताना डोकं मोकळं असतं, हे खरं, पण ते सुचलेलं कोणीतरी लगेच पकडावं लागतं. बहिणाबाईंचं घरच्यांनी उतरवून ठेवलं, मुलानं, सोपानदेवांनी, ते जपलं, आणि त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, पुस्तक आलं १९५२ मध्ये. तुमच्याकडं सोपानदेव नसतील तर किचनच्या ओट्यावर एक पेन्सिल दोरीनं बांधून ठेवा. दुसरं उदाहरण साने गुरुजींचं, नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं म्हणून. हो, पण त्यातलं आयुष्य आधी जगून झालेलं होतं, काय सांगायचं ते माहिती होतं. पुन्हा तेच आलं बघा.

सवयीचं आणि मोबाईलचं थोडक्यात

२१ दिवसांत सवय लागते असं रीलवाले सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर यावर अभ्यास झाला होता, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडं एक दिवस चुकला की माणूस म्हणतो आता सोमवारपासून, आता एक तारखेपासून, आता पाडव्यापासून. पाडव्याची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी बसा.

मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, किंवा अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगचा फोकस मोड आहे तो लावा. यापेक्षा जास्त वेळ या विषयावर घालवू नका. वरचा बिघाड दुरुस्त नसेल तर मोबाईल काढून घेतल्यावर माणूस कपाट आवरायला लागतो.

एक मात्र वेगळं धरा. ओळी लिहून बघितल्या, पुढचं पाऊल माहिती आहे, वेळ आहे, तरी कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, ऑफिसचं, घरचं साधं कामही होत नाही, आणि हे काही आठवडे चाललंय, तर तो छंदाचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडं जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लहानपणापासूनच कुठलंच काम शेवटाला जात नाही असं असेल तरी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्यायला हरकत नाही, त्यात लाज कसली.

काही काम बंदच करायचं असतं

सगळेच अडलेले प्रोजेक्ट दुरुस्त करायचे नसतात. हे आज, कोरी पाटी असताना, मी सुरू केलं असतं का, असं विचारायचं. उत्तर नाही आलं तर पहिल्या पानावर 'बंद' असं लिहायचं, तारीख टाकायची आणि माळ्यावर. अर्धवट ठेवलेलं काम डोक्यात चालू राहतं, बंद केलेलं राहत नाही, आणि एका वेळी दोन कामांच्या वर चालू ठेवू नका, त्यातलं एक डोक्याचं आणि एक हाताचं असेल तर चांगलं, गोष्ट आणि क्रोशा, असं काहीतरी. बंद केलेल्या कामाचं सामान घरात पडू देऊ नका. लोकर, धागे शेजारच्या मावशींना, रंग-ब्रश जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना, ते सुकायच्या आत. कॅनव्हास तेवढा ठेवा, वर पांढरा हात मारला की परत वापरता येतो.